नेट गेल्यावरही मोजणारी पेटी

1967 सालच्या 11 डिसेंबरला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर हादरलं, तेव्हा धरणाच्या भिंतीतल्या एका गॅलरीत एक यंत्र आपसूक जागं झालं. धक्का जाणवला की स्वतःच सुरू व्हायचं आणि कंपनं टिपायची, एवढंच त्याचं काम. दूर कुठल्या कचेरीतून हुकूम यायची वाट त्याने पाहिली नाही; तेवढा वेळही नव्हता. त्या नोंदीवर जगभरचे अभियंते आजही धरणांच्या संगणकीय प्रतिकृती तपासून घेतात. ‘एज कंप्युटिंग’ हे नाव तेव्हा कोणी ऐकलेलं नव्हतं, पण विचार तोच होता: माहिती जिथे जन्मते तिथेच तिच्यावर काम करायचं.

कोयनेचं पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि सांगलीकडे निघतं. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे हा. 1929 साली खुल्या झालेल्या या पुलावर 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या वेळी महावितरणला पाण्यात गेलेली उपकेंद्रं बंद ठेवावी लागली होती. वीज गेली की मोबाइलच्या टॉवरचा भरवसा किती, हे वेगळं सांगायला नको.

नदी स्वयंचलितपणे मोजण्याची सोय या खोऱ्यात नवी नाही. 2005च्या महापुरानंतर, जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याच्या जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी तत्काळ माहिती गोळा करणारी केंद्रं आणि पुराचा अंदाज देणारी प्रणाली उभारली. अशा केंद्राची रचना साधी असते. पर्जन्यमापकातली छोटी बादली भरली की कलंडते आणि प्रत्येक कलंडणं मोजलं जातं. पुलाखाली टांगलेला रडार खालच्या पाण्यापर्यंतचं अंतर घेतो. डेटा लॉगर ते आकडे साठवतो आणि उपग्रहामार्फत किंवा मोबाइलच्या जाळ्यावरून पुढे पाठवतो. पारंपरिक लॉगर एका कामात वाकबगार असतो, पण त्याची रीत बदलायची तर बहुधा माणसाला लॅपटॉप घेऊन त्या खांबापर्यंत जावं लागतं.

प्रोग्राम त्याला लागणाऱ्या फाइलींसह वेगळा बांधून चालवण्याची सोय म्हणजे कंटेनर; ते इथे कामाला येतात. लॉगरच्या जागी हातभर पेटीत लिनक्सवर चालणारा छोटा संगणक ठेवायचा आणि एका मोठ्या प्रोग्रामऐवजी त्यावर चार वेगळे मॉड्यूल, प्रत्येक आपल्या कंटेनरमध्ये, चालवायचे. पहिला रडार वाचतो. दुसरा वाचन गाळतो, कारण रडारखालून एखादं झाड किंवा जलपर्णीचा पुंजका गेला की पाणी क्षणात दोन फूट चढल्यासारखं दिसतं. म्हणून लागोपाठच्या सात वाचनांपैकी मधलं घ्यायचं. तिसरा ठरवतो की भोंगा वाजवायचा का. चौथा आकडे केंद्राकडे पाठवतो. हे चारही मॉड्यूल जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखे असतात: चूल ज्याची त्याची, आड सगळ्यांचा एक. लिनक्सचा गाभा सामाईक, पण फाइली, लायब्ररी आणि मेमरीची मर्यादा प्रत्येकाची वेगळी. पाठवणारा कोसळला तरी भोंग्याचं मॉड्यूल चालू राहतं.

या वेगळेपणाचा इतिहास बराच जुना आहे. प्रोग्रामला फाइलींचा वेगळा कोपरा देणारी, युनिक्समध्ये 1979 साली आलेली ‘सीएचरूट’ आज्ञा, मेमरीसारख्या गोष्टींवर मर्यादा घालणारे, 2008च्या सुरुवातीला लिनक्समध्ये आलेले ‘सीग्रुप’, आणि 2013मध्ये हे सगळं सामान्य प्रोग्रामरच्या हाती देणारा डॉकर. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी काठावरच्या यंत्रांसाठी आपापल्या प्रणाली आणल्या. मायक्रोसॉफ्टच्या ‘अॅझुर आयओटी एज’मध्ये केंद्राकडून एक जाहीरनामा येतो: कुठले मॉड्यूल, कुठली आवृत्ती, कोणाचा निरोप कोणाला. पेटीतला ‘एज एजंट’ त्याप्रमाणे मॉड्यूल उतरवून घेतो, चालवतो आणि पडला तर पुन्हा उभा करतो. गाळणीचं गणित बदललं तर ज्या थरांच्या गठ्ठ्यातून कंटेनर तयार होतो ती अख्खी ‘प्रतिमा’ नव्याने उतरवावी लागत नाही, बदललेला थर तेवढा येतो. टूजीच्या मिणमिणत्या जोडणीवर ही बचत मोठी आहे.

इथवरचं काम कोणीही हुशार मुलगा आठवडाभरात शिकेल. एका खांबावरच्या चार मॉड्यूलसाठी, अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणारं कुबरनेटिज बसवण्याचा हट्ट मात्र त्याने धरू नये. त्याची ‘के-थ्री-एस’सारखी हलकी आवृत्ती आहे, ती चांगलीही आहे, पण ती पेट्यांच्या ताफ्यासाठी.

खरी परीक्षा मुळात आलेल्या सेटिंगची असते. ‘अॅझुर आयओटी एज’मधलाच ‘एज हब’ नेट गेल्यावर निरोप साठवून ठेवतो आणि नेट आलं की पाठवतो. जाहिरातीत हे छान दिसतं. पण साठवलेल्या निरोपाचं आयुष्य मुळात 7200 सेकंद ठेवलेलं असतं, म्हणजे दोन तास. कारखान्यात दोन तास पुरत असतील. कृष्णेचा पूर कित्येक दिवस उतरत नाही. हा आकडा वाढवला नाही तर पाण्याच्या चढाचा जो आलेख पुढच्या अभ्यासाला हवा, नेमका तोच गळून पडेल. शिवाय हा साठा कंटेनरच्या आतच ठेवला असेल, तर कंटेनर नव्याने तयार होताना तोही जातो. म्हणून तो बाहेर, पेटीच्या डिस्कवर बांधून द्यावा लागतो.

डॉकरच्या नोंदवह्यांनाही मुळात मर्यादा नसते. त्या वाढत वाढत मेमरी कार्ड भरतात आणि जूनमध्ये बसवलेली पेटी नेमकी ऑगस्टमध्ये मरते. वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपवर बांधलेली प्रतिमा पेटीतल्या एआरएम प्रोसेसरवर चालत नाही, त्या प्रोसेसरसाठी ती वेगळी बांधावी लागते. सगळ्यात फसवं घड्याळ. ‘रास्पबेरी पाय-4’ या छोट्या संगणकात बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली आणि नेट नसलं तर त्याला आजची तारीख कळत नाही, नोंदींवर चुकीची वेळ पडते आणि पुढे नेट आलं तरी वेळ जुळेपर्यंत सुरक्षा प्रमाणपत्रं नाकारली जातात. छोटंसं घड्याळाचं मॉड्यूल लावलं की हे टळतं. लाखाच्या प्रकल्पात ते राहून जाऊ शकतं, कारण टेबलावर चाचणी घेताना वीज जात नाही.

या पेटीकडून भलत्या अपेक्षाही नकोत. आयर्विन पुलाखालच्या रडारला समोरचं पाणी दिसतं. कोयनेतून किती क्युसेक सोडले, हरिपूरला मिळणाऱ्या वारणेचा फुगवटा किती, हे त्याला कसं कळणार? उद्या पाणी कुठवर येईल हा हिशेब सगळ्या खोऱ्याचे आकडे हाती असलेल्या केंद्रानेच करायचा. पेटीने आपल्या समोरचं पाणी अखंड मोजावं आणि नदीकाठच्या गल्लीला वेळेत भोंगा द्यावा. त्या भोंग्याच्या वाटेत इंटरनेट कुठेही येता कामा नये. तो एका वाचनावर वाजू नये, पाणी काही काळ पातळीच्या वर टिकलं तरच वाजावा. दोनदा खोटा वाजला की तिसऱ्या वेळी कोणी घर सोडत नाही.

म्हणून अशा पेट्या घेणाऱ्या ग्रामपंचायती, पालिका आणि साखर कारखान्यांना एक सुचवणं आहे. निविदेत प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा यावर दोन पानं खर्च करण्याआधी एक अट लिहा: पावसाळ्याआधी, पुरवठादाराच्या समक्ष, सिमकार्ड काढून पेटी तीन दिवस चालवायची, मध्ये दोनदा वीज तोडायची, आणि सिम परत घातल्यावर तीनही दिवसांचे आकडे, पेटी बंद होती तेवढा वेळ सोडून, योग्य वेळेसह केंद्रात पोचले तरच बिल मंजूर करायचं.