उजेड कुठून टाकायचा

पावसाने जोर धरला की आंबोलीत संध्याकाळी धबधब्यावरची गर्दी ओसरते आणि अंधार पडल्यावर वेगळीच माणसं बाहेर पडतात. पायात गमबूट, कपाळाला टॉर्च, कॅमेऱ्यावर छत्री. सह्याद्रीच्या या माथ्यावर, सुमारे ७०० मीटर उंचीवर, सदाहरित जंगलाला लागून असलेल्या रिसॉर्टमध्ये पावसाळाभर मॅक्रो फोटोग्राफीच्या कार्यशाळा चालतात. अशाच एका कार्यशाळेबद्दल हे लिहितो आहे.

पहिला धडा दुपारी, जेवणाच्या टेबलावर आणि फक्त फ्लॅशचा. ओल्या बेडकावर उघडा फ्लॅश मारला की त्याच्या पाठीवर पांढरे ठिपके चमकतात आणि कातडीचा पोत नाहीसा होतो. म्हणून कार्यशाळा घेणाऱ्या सरांनी पॅकिंगचा पांढरा फोम कापून प्रत्येकाला फ्लॅशपुढे बांधायला लावला. हा फोम बेडकाच्या जितका जवळ, तितका उजेड मऊ पडतो. ॲपर्चर एफ/११, शटर १/१६०, आयएसओ ४०० एवढं लावून टाकायचं आणि पुन्हा त्यात बोटं घालायची नाहीत. विषय सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा घेतला तर एफ/११ ला जेमतेम एक मिलिमीटरभरच रेखीव येतं. तेव्हा फोकसची रिंग फिरवण्यापेक्षा आपणच श्वास रोखून केसभर पुढेमागे व्हायचं आणि डोळा रेखीव झाला की बटण दाबायचं. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर लेन्सवर वाफ धरते, त्यामुळे बॅगा व्हरांड्यातच.

रात्री पाण्याच्या टाकीवर वाकलेल्या फांदीवर मलबारी ग्लायडिंग फ्रॉगची जोडी होती. मादी हिरवीगार, बोटांमधले पडदे शेंदरी, पाठीवर तिच्याहून लहान नर. ती मागच्या पायांनी स्वतःचाच स्राव घुसळत होती. दोन्ही पाय आळीपाळीने आत-बाहेर, मग जरा थांबणं, पुन्हा घुसळणं. हळूहळू पानांमध्ये फेसाचा पांढरा गोळा तयार झाला. अंडी त्यातच असतात. काही दिवसांनी फेस विरघळतो आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. हे घुसळणं चाललेलं असताना सरांनी सगळ्यांचे टॉर्च विझवायला लावले. एका वेळी एकाच माणसाने पुढे जायचं, मोजके फोटो घ्यायचे आणि मागे यायचं. बाकीच्यांनी अंधारात उभं राहायचं. जळवा चढत होत्या, पण कोणी कुरकुर केली नाही. कार्यशाळेचे पैसे याच शिस्तीसाठी मोजावेत असं मला मनापासून वाटतं.

कारण दुसरा प्रकारही चालतो. बेडूक डब्यात घालून आणायचा, देखण्या पानावर बसवायचा, पळाला की पुन्हा पकडायचा. फोटो सुंदर येतात, पण तो प्राणी तिथे स्वतःहून आलेलाच नसतो. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. डास पळवायचं मलम लावलेला हात त्याला लागणं म्हणजे विष चोळणं आहे.

पुढे कारवीच्या फांदीवर मलबारी चापडा दिसला. पान आड येत होतं, म्हणून एकाने काठी पुढे केली. सोबतचा गावातला तरुण पटकन म्हणाला, "तेका हलवू नकात. तो उद्याय हंयच गावतलो." खरंच आहे. हा साप दबा धरून शिकार करणारा, एकाच जागी दिवसचे दिवस बसून राहतो. आम्ही जागा बदलून पाहिली. बाजूने उजेड टाकल्यावर डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला उष्णता ओळखणारा खळगा स्वच्छ दिसला.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मात्र गाडी न्यायची नाही, पायीच जायचं असं ठरलेलं होतं. कुशीवर पिवळे पट्टे असलेला आंबोली टोड पहिल्या पावसात जांभ्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो आणि रात्री रस्त्यावर येऊन चाकांखाली सापडतो. २००९ साली या प्रजातीचं वर्णन झालं. ती अतिसंकटग्रस्त मानली जाते. आम्ही पाऊल टाकण्याआधी प्रत्येक वेळी जमिनीवर उजेड टाकत होतो, त्यामुळे एवढंसं अंतर कापायलाही बराच वेळ लागला.

सकाळी पडद्यावर फोटो लावले गेले. नुसत्या रेखीवपणाला सरांनी दाद दिली नाही. प्राणी काय करत होता ते दिसतंय का, हे आधी विचारलं. त्यांनी निवडलेल्या फोटोंमध्ये बेडूक छोटासाच होता, भोवती फांदी, फेस आणि खाली टाकीतलं पाणी. शेवटी सगळ्यांनी आपापल्या फायलींमधून जागेची नोंद पुसली, कारण नेमकी जागा पसरली की प्राणी पकडून विकणारेही तिथे पोहोचतात. चापड्याच्या फोटोखाली फक्त ‘सह्याद्री’ एवढंच लिहायचं ठरलं.