ऋतूंचे संगीत आणि बिघडलेले ऋतू

हिंदुस्थानी संगीतात पाऊस हा नुसता बंदिशीचा विषय नाही, रागाची वेळही तो ठरवतो. मल्हाराचे प्रकार पावसाळ्यात कोणत्याही प्रहरी गायिले जातात. मियाँ मल्हारात दोन्ही निषाद लगोलग येतात, कोमल गंधार संथपणे आंदोलित होतो आणि सरींची नक्कल न करताही भरून आलेले आभाळ जाणवते. या साऱ्यामागे एक गृहीत आहे: पाऊस त्याच्या वेळी येणार. गोंदिया जिल्ह्यातला शेतकरी याच भरवशावर धानाचे पऱ्हे (रोपे) टाकतो आणि बांधीत (खाचरात) पाणी साचले की रोवणी करतो. पाऊस लांबला की पऱ्हे वाळतात, एकदम कोसळला की कुजतात. हा भरवसा डळमळला तर ऋतुसंगीताने काय करावे, हा आजच्या रचनाकारांपुढचा प्रश्न आहे.

कुमार गंधर्वांनी निसर्गाकडे नव्याने पाहिले ते देवासला. क्षयाच्या आजारात १९४८ पासून ते तिथे राहिले. गाणे बंद असताना माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली आणि त्या धुनांतून त्यांनी पुढे नवे राग उभे केले. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ या कार्यक्रमांत तर त्यांनी ऋतुगायनाला सलग आराखडाच दिला. राग आणि लोकगीत तिथे शेजारी बसले. निसर्गावर गाण्याआधी त्या परिसराचे ऐकावे लागते, हा त्यांचा धडा आजही सर्वांत मोलाचा आहे.

पाश्चात्त्य संगीतात हवामानबदल थेट आकड्यांतून आला. अमेरिकेतील विद्यार्थी डॅनियल क्रॉफर्डने २०१३ मध्ये १८८० पासूनचे जागतिक तापमान चेलोवर मांडले. एका वर्षाला एक स्वर. वर्ष जितके उष्ण तितका स्वर चढा. शेवटची वर्षे येतात तेव्हा चेलो वरच्या सप्तकात ताणलेला असतो. रचना प्रभावी आहे, पण तिचा अर्थ आधी सांगावा लागतो. जॉन ल्यूथर अॅडम्स यांच्या ‘बिकम ओशन’ला तशी गरज नाही. वाद्यवृंदाचे तीन गट वेगवेगळ्या गतीने चढतात, ओसरतात आणि अधूनमधून तिन्ही लाटा एकत्र उसळतात. २०१३ मध्ये सिअॅटलला प्रथम वाजलेल्या या कृतीला २०१४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

गोंदियाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र फिनलंडचे आहे. आइनोयुहानी राउतावारा यांनी १९७२ मध्ये ‘कांटुस आर्क्टिकुस’मध्ये उत्तरेकडील दलदलीतल्या पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाद्यवृंदासोबत वाजवले. मधल्या भागात एका चंडोलाचा आवाज त्यांनी दोन सप्तके खाली उतरवला; अखेरीस हंसांचे थवे येतात. पक्षी इथे सजावटीला नाहीत, ते मुख्य गायक आहेत.

असा गायक पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत आहे: सारस पक्षी. महाराष्ट्रातले जवळपास सगळे सारस गोंदियात आणि लगतच्या भागात उरले आहेत. त्यांची संख्या पन्नासही भरत नाही. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेल्या या क्रौंचाची लांब श्वासनलिका छातीच्या हाडापाशी वळसे घेते, म्हणून त्याची तुतारीसारखी साद दूरवर ऐकू जाते. नर-मादी माना उंचावून एकत्र साद घालतात. नराची हाक लांब, मादीच्या हाका आखूड आणि नेमक्या मधल्या फटीत बसणाऱ्या. लयीचा हा मेळ कोणत्याही संगीतकाराला थांबवून ठेवील असा आहे.

तो टिकणे पाण्यावर अवलंबून आहे. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी पाणवनस्पतींचे घरटे रचतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. पाणी अचानक चढले तर घरटे बुडते, आटले तर कुत्री तिथवर पोचतात. कीटकनाशके आणि विजेच्या ताराही जिवावर उठतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या सारसांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. साऱ्या ऋतूंतली त्यांची साद तलाव आणि बांधीच्या इतर आवाजांसह काळजीपूर्वक ध्वनिमुद्रित करणे, हे काम रचनेच्याही आधीचे आहे.