बाहेरची थंडी ओळखणारं पाणी

डिसेंबर उजाडला की मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: परभणीचा पारा घसरला. २०१८च्या डिसेंबरअखेर तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत तो २-३ अंशांपर्यंत उतरला होता. ना डोंगर, ना घाट. समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे-चारशे मीटरवरचं हे काळ्या मातीचं सपाट रान. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब रात्रभर सरळ आभाळात सोडून देते. अडवायला ढग नाहीत, दमटपणा नाही. पहाटेपर्यंत सगळं शिवार गारठून जातं. आणि हीच परभणी मे महिन्यात ४४-४५ अंशांत भाजून निघते. एकाच गावाने वर्षभरात ४० अंशांचा फरक सोसायचा, ही साधी गोष्ट नव्हे.

हा फरक इथल्या माणसाला रोज सकाळी न्हाणीघरात भेटतो. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच चटका देतं, ते तापवायचा प्रश्नच नाही. डिसेंबरच्या पहाटे त्याच टाकीतल्या पाण्याला बोट लावायचा धीर होत नाही. तांब्याचे बंब घरोघरी होते तेव्हा हा सगळा हिशोब घरातली बाई करायची. बंबाच्या मधोमध उभं नळकांडं, त्यात तुराट्या, पऱ्हाट्या, एखादं लाकूड. भोवती पाणी आणि बाजूला तोटी. थंडी कडक असली की सरपण जरा जास्त पडायचं आणि बादलीत विसण कमी. हवा उबदार झाली की सरपण कमी, विसण जास्त. मोजमाप कसलंच नाही. अंगणात येऊन गार हवा अंगावर घेतली की पाणी किती तापवायचं ते ठरायचं.

बाहेरच्या हवेवरून पाण्याचं तापमान ठरवायची हीच रीत युरोपात, रशियात कोट्यवधी घरांच्या भिंतींत बसवलेली आहे. तिथे तिचं काम आंघोळीपुरतं नाही. तिथे अख्खं घरच पाण्याने तापवतात.

थंड देशांत पुष्कळ घरांत तळघरात किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक बॉयलर असतो. त्यात तापलेलं पाणी पंपाने खोल्याखोल्यांत फिरतं, खिडकीखालच्या रेडिएटरमध्ये आपली उष्णता सोडतं आणि गार होऊन परत येतं. तेच पाणी, तीच वाट, सहा-सहा महिने. आता हे पाणी किती तापवावं? सोपा मार्ग म्हणजे कायम ७५ अंश ठेवावं आणि खोली पुरेशी गरम झाली की बॉयलर बंद करावा. कित्येक घरांत अजून तसंच चालतं. पण मग खोली कधी तापते, कधी गार पडते; नळ्या फुगताना-आकसताना टकटक वाजतात. शिवाय खोली गार झाल्यावरच यंत्राला जाग येते.

दुसरा मार्ग मी पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा थक्क झालो. घराच्या बाहेर, उत्तरेकडच्या भिंतीवर, काड्यापेटीहून थोडी मोठी एक डबी लावतात. आत तापमान ओळखणारा एक बारीकसा घटक आणि बॉयलरपर्यंत जाणारी दोन तारांची जोडी, एवढंच. ती डबी घरातल्या कुणालाही विचारत नाही की थंडी वाजते का. ती फक्त बाहेरची हवा पाहते, आणि तेवढ्यावरून बॉयलर ठरवतो की आत्ता पाणी ४० अंशांचं हवं की ५०. घराला हुडहुडी भरण्याआधीच घराची गरज त्याला कळलेली असते!

हे शक्य होतं ते निसर्गाच्या एका फार सरळ वागण्यामुळे. १७०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटासा लॅटिन निबंध निनावी छापून आला. लेखक होते आयझॅक न्यूटन. त्यांनी जवसाच्या तेलाचा तापमापक केला होता. तापून लाल झालेला लोखंडाचा ठोकळा वाऱ्यात ठेवून तो कसा निवत जातो हे त्यांनी पाहिलं, आणि नियम मांडला: वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढ्या प्रमाणात उष्णता बाहेर जाते. फरक दुप्पट, तर गळती दुप्पट. घराच्या भिंती, खिडक्या, छप्पर या सगळ्यांना मिळून हाच नियम बऱ्यापैकी लागू पडतो. म्हणजे आत किती ऊब राखायची हे एकदा ठरलं की घर किती उष्णता गमावणार हे बाहेरचा एकच आकडा सांगतो.

एक घर घेऊन पाहू. आत २० अंश हवेत. सर्वांत कडक थंडीत बाहेर उणे १४, म्हणजे फरक ३४ अंशांचा. अशा रात्री समजा रेडिएटरमध्ये ५५ अंशांचं पाणी जातं आणि ४५चं होऊन परत येतं, आणि घर बरोबर २० अंशांवर टिकतं. आता बाहेर थंडी कमी होऊन अधिक ३ अंश झाले. फरक १७ उरला, बरोबर निम्मा. घराला आता निम्मीच उष्णता पुरे. मग पाणी किती अंशांचं पाठवायचं? गणित सांगतं, साधारण ४०. बाहेर साडेअकरा अंश झाले की गरज पाव हिश्श्यावर येते आणि पाणी ३१-३२ अंशांचं पुरतं. आपल्या अंगाच्या तापमानापेक्षाही कमी! एवढ्या कोमट पाण्याने घर उबदार राहतं हे हात लावून पाहिल्याशिवाय पटत नाही. शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत गेलेली मराठी मुलं पहिल्या हिवाळ्यात घरी फोन करून सांगतात तेही हेच: "आई, रेडिएटर नुसता कोमट लागतोय गं, बिघडलाय वाटतं. पण खोली मात्र गरम आहे." काहीही बिघडलेलं नसतं. बाहेर थंडी तेवढीच असते.

बाहेरचं तापमान आडव्या रेषेवर आणि पाण्याचं उभ्या रेषेवर मांडलं की हे सगळे आकडे एका रेघेवर येतात. पण ती रेघ सरळ नाही, किंचित वाकडी आहे, आणि मला तिचा तो बाकच फार आवडतो. रेडिएटर पाणी आणि खोली यांच्यातल्या फरकाच्या अगदी सरळ प्रमाणात उष्णता देत नाही. फरक वाढला की त्याच्या अंगावरून वर चढणारा हवेचा झोतही जोर धरतो, आणि उष्णता थोडी जास्तच मिळते. उलट पाणी कोमट असलं की झोत मंदावतो, म्हणून पाणी सरळ हिशोबापेक्षा दोन-तीन अंश जास्त तापवावं लागतं. खोलीत कुणालाही न जाणवणारी हवेची ती हालचाल त्या रेघेत उमटलेली असते. प्रत्येक घराची रेघ वेगळी. जाड भिंतींच्या, दुहेरी काचेच्या घराची रेघ सपाट. फटी असलेल्या जुन्या घराची उभट. नव्या घरात पहिल्या हिवाळ्यात ती रेघ थोडी वर, थोडी खाली करत जुळवावी लागते. एकदा जुळली की पुढची कित्येक वर्षं तिच्याकडे कुणी पाहतही नाही.

रशियात हाच कारभार अख्ख्या शहरांचा चालतो. तिथे घरोघरी बॉयलर नसतात. शहराच्या कडेला एक प्रचंड बॉयलरघर किंवा वीजकेंद्र असतं आणि तिथलं गरम पाणी जाड नळांतून मैलोन्‌मैल जातं. तिथल्या कामगारांकडे एक तक्ता असतो: बाहेर इतके अंश, तर पाणी इतके अंश. कडाक्याच्या थंडीसाठी त्या तक्त्यातला सर्वांत वरचा आकडा अनेक ठिकाणी १५० असतो. पाणी १०० अंशांना उकळतं हे आपण शाळेत घोकलेलं. पण दाब वातावरणाच्या पाचपट ठेवला की १५० अंशांवरही पाणी पाणीच राहतं. इमारतीत शिरण्याआधी त्यात परतीचं निवलेलं पाणी मिसळून ते सोसवेल इतकं करतात. हे विसणच झालं, फक्त अख्ख्या शहराला घातलेलं.

आता त्या डबीकडे परत येऊ, कारण सगळी मदार तिच्यावर आहे. ती उत्तरेच्या भिंतीवरच का? दक्षिणेकडे लावली तर हिवाळ्यातलं तिरपं ऊन तिच्यावर पडेल, तिला वाटेल बाहेर ऊब आहे, आणि घर गारठेल. खिडकीच्या वर लावली तर आतली गरम हवा तिला फसवेल. तापमापक कुठे ठेवला यावर आकडा किती बदलतो हे परभणीकरांइतकं कुणाला ठाऊक असेल? हिवाळ्यात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा आणि हवामान खात्याचा परभणीचा आकडा यांत अनेकदा काही अंशांचं अंतर असतं. दोन्ही खरे असतात. मोकळ्या रानातली हवा आणि घरादारांनी वेढलेली हवा या वेगळ्याच. म्हणूनच वेधशाळेतले तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर ठेवतात, आणि आपल्या उत्तर गोलार्धात त्या पेटीचं दारही उत्तरेला असतं. ही पेटी सुचली ती दीपगृहं बांधणाऱ्या टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याला. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्यांचाच मुलगा.

एक अडचण मात्र उरतेच. बाहेर थंडी पडली की ती घरात लगेच पोचत नाही. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत राहिलेल्यांना हे सांगायला नको. हातभर जाडीच्या भिंती आणि लाकडावर मातीचे थर दिलेलं छत. बाहेर दुपारची आग आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि रात्रीचा गारठा आत यायला पहाट. पत्र्याच्या खोलीत मात्र ऊन डोक्यावर आलं की लगेच भट्टी. चांगल्या बॉयलरला हे आधीच सांगावं लागतं: घर हलकं, मध्यम की जड? जड म्हटलं की तो या क्षणाचा आकडा बाजूला ठेवून गेल्या कित्येक तासांची, कधी दिवसाहून अधिक काळाची सरासरी धरतो. भिंतींना अजून काल आठवतोय, हे त्याला ठाऊक असतं.

पाणी जरुरीपुरतंच तापवण्याचा सर्वांत मोठा फायदा धुराड्यात होतो. ज्योतीतून पाणी निघतं. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन धुरात जातं. खरं वाटत नसेल तर गार पाण्याचं स्वच्छ पातेलं गॅसवर ठेवा आणि पहिल्या काही सेकंदांत त्याच्या बाहेरच्या बाजूकडे बघा. दव पडल्यासारखी ओल दिसेल, आणि भांडं तापताच नाहीशी होईल. ती ओल ज्योतीतली. वाफेचं पाणी होताना ती आपली लपलेली उष्णता सोडते, आणि नैसर्गिक वायूत हा वाटा एरवी मोजल्या जाणाऱ्या उष्णतेच्या सुमारे ११ टक्के भरतो. आधुनिक बॉयलर हा वाटा धुरातून काढून घेतो, पण एका अटीवर: घरातून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांहून थंड हवं. कायम ७५चं पाणी पाठवणाऱ्या घरात ते ६५चं होऊन परततं आणि सगळी वाफ फुकट आभाळात जाते. आपल्या वरच्या घरात ते कडाक्याच्या रात्रीही ४५चं होऊन येतं, म्हणजे अख्खा हिवाळा ही कमाई चालू.

म्हणूनच हे आता आवडीनिवडीवर सोडलेलं नाही. जर्मनीच्या कायद्याने मध्यवर्ती तापवणी बाहेरच्या तापमानावरून किंवा तशाच एखाद्या योग्य मापावरून आपोआप कमीजास्त झाली पाहिजे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८पासून नवा कॉम्बी बॉयलर (घरही तापवणारा आणि नळालाही गरम पाणी देणारा) बसवताना ऊर्जा वाचवणाऱ्या चार सोयींपैकी एक तरी घ्यावी लागते, आणि बाहेरचं हवामान पाहणारी डबी ही त्यांतली एक.

परभणीत घर तापवायची गरज नाही, पण गीझर पुष्कळ घरांत आहे आणि त्याचा खटका अनेकदा बसवला त्या दिवसापासून ६०च्या पुढे असतो. जरा हिशोब करू. आंघोळीला ४० अंशांचं २० लिटर पाणी हवं, गीझर १५ लिटरचा. डिसेंबरात टाकीतलं पाणी १५ अंशांचं असेल तर गीझर ५०वर पुरतो. मार्चमध्ये तेच पाणी ३० अंशांचं झालं की ४५ अंशांतही २२ लिटर मिळतं. ६०ला ठेवलात तर ४५ लिटर होतं. एकट्याची आंघोळ उरकून बाकीची उष्णता टाकीत नुसती निवत बसते. पाणी तासन्‌तास साठवून ठेवायचं असेल तर मात्र ६०च ठेवा, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. पण आंघोळीपुरतं तापवून लगेच वापरत असाल, तर मार्च लागला की गीझरचा खटका ४५वर आणा आणि दिवाळीनंतर पुन्हा ५०वर न्या.