जीपीएस गोठलं तर...

साकोलीहून एकोडीकडे जाताना हँडलवरचा नकाशा थिजला, तर आधी गाडी सावलीत घ्या. भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उन्हातला काळा स्क्रीन त्याहून कितीतरी जास्त तापतो. पण त्यावर गार पाणी ओतू नका, आत ओल धरते.

स्क्रीन बोटाला दादच देत नसेल तर पॉवरचं बटण 10 ते 15 सेकंद दाबून धरा. बहुतेक यंत्रं त्यानं बंद होतात आणि साठवलेले मार्गही शाबूत राहतात. तरीही जमलं नाही तर यंत्र स्टँडवरून काढा, मेमरी कार्ड बाहेर घ्या आणि नुसत्या बॅटरीवर चालू करून बघा. असं नीट चाललं, तर दोष कार्डात किंवा गाडीच्या वायरिंगमध्ये शोधा: उडालेला फ्यूज, सैल अर्थिंग, स्टँडच्या पिनांवरचा हिरवट गंज. पावसाळ्यानंतर तर पिना आधी पुसाव्यात.

नकाशा सरकवता येतो, पण गाडीचा बाण हलत नाही? मग यंत्र गोठलेलं नाही, त्याला उपग्रह सापडलेले नाहीत. अचूक जागा ठरवायला किमान 4 उपग्रह लागतात. त्यासाठी मोबाइलची रेंज असावी लागत नाही. झाडीतून बाहेर, मोकळ्या आभाळाखाली काही मिनिटं थांबा.

जुन्या यंत्रात तारीख जवळजवळ 20 वर्षं मागची दिसत असेल, तर सॉफ्टवेअर अपडेट करा. एप्रिल 2019 मध्ये जीपीएसची आठवड्यांची मोजणी पुन्हा शून्यावर आली, त्याचा हा परिणाम.

फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी. त्यात साठवलेली ठिकाणं पुसली जातात; आधी कॉम्प्युटरवर कॉपी घ्या.