मेंदूने खेळायचा डाव

घाटकोपर-मुलुंडच्या निदान केंद्रांत ईईजीची, म्हणजे मेंदूतली वीज नोंदवणाऱ्या तपासणीची, वेळ घेतली की सूचना बहुधा ठरलेल्या असतात: केस शाम्पूने धुऊन या, तेल लावू नका. फिट येणाऱ्या मुलाला घेऊन आई येते. तंत्रज्ञ टेपने माप घेऊन डोक्यावर खुणा करतो, चिकट पेस्ट लावून छोट्या चकत्या बसवतो आणि सांगतो, "डोळे मिट... आता उघड." पुढे डोळ्यांसमोर एक दिवा लुकलुकतो, आधी सावकाश, मग भरभर. दिव्याच्या त्याच गतीच्या लाटा मेंदूच्या मागच्या भागातून पडद्यावर उमटू लागतात. नुसत्या मेंदूने खेळता येणाऱ्या कित्येक खेळांचं मर्म या दिव्यात आहे.

जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा नोंदवली. कवटीवर पोचेपर्यंत ती व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावी इतकी क्षीण झालेली असते. पापणी लवली तरी ती झाकोळते. मुंबईच्या दमट हवेत घामाने नोंद तरंगू लागते आणि घरच्या विजेची सेकंदाला ५० वेळा होणारी गुणगुण तिच्यात मिसळते. एवढ्या गोंगाटातून मनातलं वाक्य उचलता येत नाही. "मन वाचणारी टोपी" म्हणून जे विकलं जातं, त्यावर कुणी विश्वास ठेवू नये. माणूस कोणत्या दिव्याकडे पाहतोय, एवढं मात्र ईईजीच्या चकत्यांची टोपी बऱ्यापैकी ओळखते.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात राजेश राव, आंद्रेया स्टोको, शँटेल प्राट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एवढ्याच भांडवलावर 'ब्रेननेट' उभं केलं. त्याचा शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळ टेट्रिससारखा, खेळाडू तीन. दोघांना वरून येणारा ठोकळा आणि खालची रिकामी जागा, दोन्ही दिसतं. तिसऱ्याला खालचं काही दिसत नाही, पण ठोकळा फिरवायचा की नाही, हे त्यानेच ठरवायचं. पाहणारे दोघे "फिरव" म्हणायला सेकंदाला १७ वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघतात, "नको" म्हणायला १५ वेळा लुकलुकणाऱ्याकडे. तिसऱ्याच्या डोक्यामागच्या कॉइलमधून चुंबकीय ठोका बसतो. उत्तर होकारार्थी असेल तर समोर नसलेला प्रकाश त्याला क्षणभर दिसतो. नकार असेल तर ठोका सौम्य असतो आणि काहीच दिसत नाही. तोही दिव्याकडे बघूनच निर्णय देतो. मग पहिल्या दोघांना चूक सुधारायची आणखी एक संधी मिळते. तिघांच्या पाच गटांनी सरासरी ८१ टक्के डाव बरोबर सोडवले.

या प्रयोगातला सर्वांत सुंदर भाग वेगळाच आहे. संशोधकांनी दोघांपैकी एकाचा निरोप काही वेळा मुद्दाम उलटा करून पाठवला. कुणाचं ऐकायचं, हे तिसऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. चेहरा नाही, आवाज नाही, फक्त प्रकाश दिसणं किंवा न दिसणं. तरीही कोण भरवशाचा आहे, हे खेळता खेळता त्याला कळत गेलं. माणसामाणसांतला व्यवहार इतक्या थोड्या सामग्रीवर उभा राहतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

एका खेपेला एक "हो" किंवा "नाही". ज्यांचे हातपाय चालतात, त्यांना असा खेळ दोन मिनिटांत कंटाळवाणा होईल. ज्यांचं शरीर थांबलंय, त्यांच्यासाठी हिशेब निराळा आहे. ल्युडोच घ्या. कोरोनाच्या टाळेबंदीत अंधेरी-बोरिवलीतली कुटुंबं परदेशातल्या मुलांशी 'ल्युडो किंग' खेळत होती. ते ॲप नवी मुंबईतच तयार झालेलं. फासा टाकायला नुसता एक स्पर्श पुरतो. मग खेळणाऱ्याला चारपैकी एक सोंगटी निवडायची असते. चार सोंगट्या, चार गतींचे दिवे! शिवाय ल्युडोत आपली पाळी येईपर्यंत थांबणं ही रीतच असते, त्यामुळे सावकाश खेळणारा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. फिटचा त्रास असलेल्यांना मात्र लुकलुकणारा दिवा धोक्याचा ठरू शकतो, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये.

लिहिणं याहून फार कठीण. फारवेल आणि डोंचिन या संशोधकांनी १९८८ साली मांडलेल्या, मेंदूच्या लाटांवरून अक्षर ओळखणाऱ्या पाटीवर ३६ चौकोन होते आणि मिनिटाला जेमतेम दोन-तीन अक्षरं उमटत. आपल्या काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं त्या पाटीत मावतही नाहीत. पवईला आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' हे ॲप चित्रावर बोट ठेवलं की बोलतं. तशा चित्रांना दिवे जोडणं अक्षरांपेक्षा सोपं पडावं.

डोक्यात इलेक्ट्रोड बसवण्याचाही मार्ग आहे. खांद्याखाली लुळे पडलेले अमेरिकेतले नोलंड आर्बो यांनी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीच्या रोपणानंतर बुद्धिबळ खेळून दाखवलं. पण त्यासाठी कवटी उघडावी लागते. टोपीला शस्त्रक्रिया लागत नाही. तिला लागतो घरातला एक माणूस: जेल भरणारा, चकत्या नीट बसल्यात का बघणारा आणि डाव संपल्यावर अंथरुणावरच्या माणसाचे केस धुऊन पुसणारा. दिवसभराच्या शुश्रूषेनंतर हे काम बहुधा आईवर किंवा बायकोवर येईल. म्हणून मला आणखी वेगवान खेळ नकोत. जेल न लावता, एका हाताने पाच मिनिटांत चढवता येईल आणि मुंबईच्या घामातही टिकेल अशी टोपी आधी हवी.