शार्डोनेची वाइन व ओकचें पिंप : पारख कशी करावी

द्राक्षें पिकविणारा शेतकरी मणी हातांत घेऊन त्याची गोडी, सालीची जाडी व घडाचें वजन बिनचूक सांगतो. परंतु त्याच द्राक्षांची वाइन झाली कीं तिची पारख म्हणजे परक्याचें काम, असें त्यास वाटतें. वाइन कारखान्याशीं करार करणाऱ्या बागायतदारास ही समजूत महाग पडते. कारण मालाचा दर ठरविणारा गृहस्थ जी भाषा बोलतो ती त्यास उमगत नाहीं. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. धंदेवाईक पारखी घोट तोंडांत घोळवून थुंकून टाकतात, हें आरंभींच सांगितलेलें बरें. नमुन्यादाखल येथें फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतांतील, ओकच्या पिंपांत मुरविलेली शार्डोने घेतली आहे.

शार्डोने ही पांढऱ्या द्राक्षाची जात होय. दक्षिण बर्गंडींत याच नांवाचें एक खेडें आहे. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या डीएनए-परीक्षेवरून असें ठरलें कीं, पिनो हें मानाचें द्राक्ष व गुए ब्लां हें हलकें समजलें जाणारें द्राक्ष यांच्या संकरांतून ही जात निपजली. कुलीनतेचा गर्व द्राक्षांनीं तरी करूं नये! हिची वेल लवकर फुटते, म्हणून वसंतांतील हिमाचें भय मोठें; एप्रिल २०२१ मध्यें बर्गंडीची अशीच जबर हानि झाली. तिकडे छाटणी हिंवाळ्यांत एकदांच होते. आपल्याकडे कडक थंडी नसल्यामुळें वेल विसांवा घेत नाहीं व एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. तरीहि सोलापूर जिल्ह्यांत अकलूजकडे हिची लागवड झालेली आहे.

पारखणाऱ्यानें मुख्यतः हें ध्यानांत ठेवावें कीं, शार्डोनेच्या रसास स्वतःचा गंध बेताचाच असतो. त्यामुळें जमीन, हवा व तळघरांतील हातकाम यांचा ठसा हिच्यावर इतर जातींपेक्षां स्पष्ट उमटतो. बर्गंडीवाल्यांनीं जमिनीचा हा ठसा किती जपावा? तेथील मोंराशे नांवाचा मळा अवघा सुमारें ८ हेक्टर, म्हणजे २० एकर आहे व तोही अनेक मालकांत विभागलेला. पण जगांतील अति महाग पांढऱ्या वाइनांत त्याची गणना होते. तेथील शेताशेताचीं नांवें व हद्दी शतकानुशतकें चालत आल्या आहेत आणि २०१५ सालीं युनेस्कोनें त्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. बाटलीवरील चिठ्ठीवर द्राक्षाच्या जातीऐवजीं बहुधा गांवाचें वा शेताचेंच नांव असतें. ज्याचा जन्म उतारे लिहिण्यांत गेला, त्या माझ्यासारख्यास ती चिठ्ठी वाचतांना सातबाराच वाचल्यासारखें वाटतें.

आतां पिंपाविषयीं. बर्गंडीचें पिंप २२८ लिटरांचें असतें. त्यासाठीं फ्रान्सच्या त्रोंसे इत्यादि जंगलांतील, बहुधा शंभर वर्षांहून जुने ओक तोडतात. तेथील ओक करवतीनें आडवातिडवा कापल्यास पिंप पाझरतें, म्हणून तो रेषेवर फोडतात. फळ्या दोन-तीन वर्षें ऊनपावसांत रचून ठेवतात. मग विस्तवावर वांकवून आंतून भाजतात. वनिलाचा, भाजल्या बदामाचा, किंचित् धुराचा जो वास पुढें येतो तो या भाजण्यांतून. ओल्या खोबऱ्यासारखा वास मूळ लाकडाचाच. रस पिंपांतच आंबवितात व मेलेल्या किण्वाचा गाळ काठीनें अधूनमधून ढवळतात. त्यायोगें वाइनीस अंग भरतें व ताज्या पावासारखा गंध येतो. यानंतर दुधाचें दहीं करणाऱ्या जंतूंचे भाऊबंद आपलें काम सुरू करतात. ते द्राक्षांतील तीक्ष्ण मॅलिक आम्लाचें सौम्य लॅक्टिक आम्ल बनवितात. आणि लोण्यास जो वास असतो तोच त्या वेळीं वाइनींत उतरतो. एका पिंपांतून सुमारें ३०० बाटल्या निघतात व नव्या पिंपास शेंकडों युरो पडतात. लाकडाचा गुण मात्र तीन-चार हंगामांत बराचसा सरतो.

पारख करतांना बाटली शीतकपाटांतून काढून पाव तास बाहेर ठेवावी. १० ते १३ अंश सेल्सिअस उष्णमान योग्य. अति थंडीनें वास दबतो व दोषहि लपतात. वर निमुळता होणारा प्याला एकतृतीयांशच भरावा. पांढऱ्या कागदावर धरून रंग पाहावा: कोवळ्या वाइनीचा फिकट गवती, मुरलेल्या वाइनीचा सोन्यासारखा. तांबूस झांक दिसली तर हवा लागल्याचा संशय घ्यावा. प्रथम प्याला न हलवितां हुंगावें, मग फिरवून हुंगावें. सफरचंद, नासपती, लिंबाची साल हे फळाचे वास होत. उष्ण मुलखांतील मालांत अननस वा आंबाहि येतो. त्यामागून लोणी, पाव, बदाम यावेत. नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा वास कांहीं नामांकित वाइनींस असतो व शौकीन त्यावर लुब्ध असतात. मला विचाराल तर तो थोडाच बरा. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलें असें समजावें व बाटली परत करावी.

घोट घेतल्यावर वनिलाच्या वासामुळें गोडीची अपेक्षा होते, पण ही वाइन बहुधा कोरडीच असते. जिभेच्या कडांस पाणी सुटलें तर आम्ल जिवंत आहे. सायीच्या दुधासारखें भरीव अंग हा गुण. परंतु आम्लाविना तें अंग म्हणजे नुसता बुळबुळीतपणा. हिरड्यांवर कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा राहिला तर लाकूड अधिक झालें. थुंकल्यानंतर मनांत अंक मोजावे. दहा-पंधरा अंकांपर्यंत फळाची चव टिकली तर माल उत्तम. लाकूड हें फोडणीप्रमाणें आहे. भाजीआधीं फोडणीच बोलूं लागली कीं भाजी हलकी, असें कोणतीहि सुगरण सांगेल. स्वस्त मालांत पोलादी टांकींत ओकचे तुकडे टाकून हाच वास आणतात. युरोपीय संघानें २००६ सालीं त्यास परवानगी दिली. वास येतो खरा, पण पिंपाच्या लाकडांतून मंदपणें झिरपणाऱ्या हवेचा संस्कार त्यांत नसतो.

नांवाशिवाय पारख केली तर काय घडतें तें २४ मे १९७६ रोजीं पॅरिसमध्यें दिसलें. स्टीव्हन स्पुरियर यांनीं चिठ्ठ्या झांकून फ्रेंच पारख्यांपुढें वाइन ठेवल्या. पांढऱ्यांत कॅलिफोर्नियाच्या शातो मॉन्टेलिना या कारखान्याची १९७३ ची शार्डोने पहिली आली व बर्गंडीचा मर्सो गांवचा माल मागें पडला. त्या वाइनीसाठीं कारखान्यानें द्राक्षें नापा व अलेक्झांडर खोऱ्यांतील बागाईतदारांकडून विकत घेतलीं होतीं. कारखान्याची व कारागीर माइक गर्गिच यांची कीर्ति जगभर झाली. त्या बागाईतदारांचीं नांवें क्वचितच कोणी घेतो.

ज्यांस स्वतः अनुभव घ्यावयाचा असेल त्यांनीं शाब्लीची, बहुधा पोलादी टांकींत केलेली शार्डोने व मर्सोची पिंपांतली शार्डोने, चिठ्ठ्या कागदानें झांकून, शेजारीशेजारी ठेवावी. द्राक्ष एकच आहे. फरक कोठें पडला तें दोन्ही प्याले अर्धा तास तसेच ठेवून पुन्हां हुंगावें म्हणजे कळूं लागतें.