प्रतिसृष्टी

विश्वामित्र ऋषींनी प्रतिसृष्टी निर्माण केल्याची कथा पुराणांत आहे. आधुनिक काळी चित्रपटकारांनीही असाच उद्योग आरंभिला. मात्र त्यांच्यापाशी तपोबल नव्हते. रंग, लाकूड, प्लॅस्टिक आणि कॅमेरा एवढीच त्यांची सामग्री होती.

अमेरिकेतील दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना दूरच्या ताऱ्यांवरील युद्धाची कथा पडद्यावर आणावयाची होती. परंतु न पाहिलेल्या जगाचे चित्र केवळ शब्दांनी इतरांच्या डोळ्यांपुढे कसे उभे राहणार? म्हणून त्यांनी राल्फ मॅक्वारी या चित्रकाराचे साहाय्य घेतले. मॅक्वारी यांनी पूर्वी विमानांच्या कारखान्यासाठी चित्रे काढली होती. त्यामुळे त्यांनी रंगविलेली अंतराळयाने खरोखरच उडतील, अशी भासत. ही चित्रे पाहून चित्रपटसंस्थेच्या चालकांनाही त्या कथेतील जग डोळ्यांपुढे आणता आले.

पुढे त्या यानांच्या लहान प्रतिकृती घडविण्यात आल्या. पडद्यावर अवाढव्य दिसणारे एक युद्धयान वस्तुतः सुमारे ३ फूट लांबीचेच होते! चित्रणाच्या वेळी प्रतिकृती स्थिर असे आणि कॅमेरा तिच्याजवळून सरके. पाहणाऱ्यास मात्र यानच धावत असल्याचा भास होई.

तथापि खरी युक्ती निराळीच होती. कोऱ्या, चकचकीत वस्तू पाहून ते जग खोटे वाटले असते. म्हणून यानांवर काजळी व तेलाचे डाग पाडले. यंत्रमानवांच्या अंगावर धूळ व ओरखडे दाखविले. वापरून झिजलेली वस्तू पाहिली, की तिच्यामागे कोणाचे तरी नित्याचे जीवन आहे, असे मनाला आपोआप वाटू लागते.

वाळवंटी ग्रहाचे चित्रण १९७६ साली ट्युनिशिया देशात झाले. तेथील मातमाता गावी जमिनीत खोल खड्डा खणून त्याच्या भिंतींत खोल्या कोरण्याची जुनी रीत आहे. कडक उन्हातही अशा खोल्या थंड राहतात. कथानायकाचे घर म्हणून तशीच एक वास्तू निवडण्यात आली. परग्रहावरचे म्हणून प्रेक्षकांनी जे घर नवलाने पाहिले, ते या पृथ्वीवरील माणसांनीच गरजेपोटी घडविले होते.

१९७७ साली 'स्टार वॉर्स' या नावाने हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्या ग्रहाच्या आकाशात दोन सूर्य मावळताना दिसतात. पुढे २०११ साली केप्लर या अंतराळातील दुर्बिणीच्या साहाय्याने शास्त्रज्ञांना दोन सूर्यांभोवती फिरणारा एक ग्रह खरोखरच आढळला. तो आकाराने सुमारे शनीएवढा व अतिशय थंड आहे. चित्रपटातील ग्रहासारखी वस्ती तेथे संभवत नाही. तरीही ती वार्ता ऐकताच, चित्रपट पाहिलेल्या असंख्य लोकांच्या मनात तो जोडसूर्यास्त पुन्हा उजळला असेल.

कल्पनेची भरारी ताऱ्यांपर्यंत जाते खरी. परंतु तिच्या पंखांना बळ मिळते, ते मातीकडे बारकाईने पाहणाऱ्या डोळ्यांकडूनच.